दगडीचं मडकं

पाय आत घे रे निमिष. आणि ऋता, ती उशी दे बरं त्याला, म्हणजे मिटलं भांडण. गोष्ट हवी ना? मग माझ्या दोन्ही बाजूंना एकेक जण या. आणि मध्येच उठून कुणी फ्रिज उघडायचा नाही. आधीच सांगून ठेवते.

तर एकदा काय झालं, नदीकाठी एक गाव होतं. गावाच्या अगदी टोकाला एक कुंभारीण राहायची. तिचं नाव ठकू. नवऱ्याचं नाव राणबा. दारात चाक, चाकाशेजारी मळलेल्या मातीचा ढीग आणि घरामागे आवा. आवा म्हणजे मडकी भाजायची जागा, बरं का. आणि एक गाढव होतं. ते आपलं कायम सगळ्यांवर रुसलेलं.

त्या गावाची एक रीत होती. कुणाच्याही घरी बाळ जन्मलं, की पाचवीच्या दिवशी ठकू त्या बाळाचं मडकं घडवायची. फक्त त्या बाळाचं. मग ते सुकवायचं, भाजायचं आणि बारशाला वाजतगाजत घरी न्यायचं. त्यात विहिरीचं पाणी भरायचं आणि एका कोपऱ्यात ओल्या वाळूवर ठेवायचं. ज्याचं मडकं, त्याचा जीव त्यात. मडक्याला चीर गेली की माणूस आजारी. मडकं फुटलं की माणूस गेला.

पण म्हणून कुणी ते मडकं कुलपात ठेवायचं नाही हं. त्यातलं पाणी घरातल्यांनी प्यायचं, आल्यागेल्याला द्यायचं, आणि रोज सकाळी नवं भरायचं. फक्त कोरडं पडू द्यायचं नाही. आणि घरात कुणी धसमुसळेपणा करायचा नाही. तुमच्यासारखे हॉलमध्ये क्रिकेट खेळणारे तिथे असते, तर गाव केव्हाच रिकामं झालं असतं!

हसू नका. माझ्या माहेरी अशी जिवाची मडकी नव्हती, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवा माठ यायचा. पहिल्या दिवशी त्या पाण्याला मातीचा असा वास यायचा की प्यायचं सोडून आम्ही नुसतं तोंड घालून हुंगत बसायचो. मग आई पाठीत धपाटा घालायची. तो वास मला अजून कधीकधी येतो. आता या सहाव्या मजल्यावर कुठून येतो, देव जाणे.

असो. कुठे होतो आपण? हां, ठकू.

तर ठकूला दोन बाळं झाली आणि दोन्ही राहिली नाहीत. एकाचं मडकं आव्यातच तडकलं. दुसऱ्याचं बारशानंतर थोड्याच दिवसांत बसल्या जागी फुटलं. सगळ्या गावाची मडकी घडवणारी बाई, आणि तिच्या स्वतःच्या लेकरांची टिकेनात. काय वाटलं असेल तिला? तिनं त्या खापऱ्या फेकल्या नाहीत. फडक्यात बांधल्या आणि मडक्यांच्या उतरंडीमागे ठेवून दिल्या. त्या दिवसापासून ती चाकावर बसली की गाणं म्हणेनाशी झाली.

मग तिसरी मुलगी झाली. ठकूनं तिचं नाव ठेवलं दगडी. ऋता, नाक मुरडू नकोस. आधीची बाळं गेली की पुढच्याचं नाव तेव्हा असंच ठेवायचे. धोंडू, दगडू. म्हणजे यमाला वाटावं, हे काय दगडधोंडे, न्यायचे कशाला. माझ्या सख्ख्या मामाचं नाव धोंडू होतं, आणि इतका देखणा माणूस की लग्नात नवरदेव सोडून बायका त्यालाच बघायच्या.

पाचवीला ठकूनं दगडीचं मडकं घडवलं. सुकवलं. गोवऱ्या रचून भाजलं. छान लाल निघालं. दुसरी कुठली बाई असती तर म्हणाली असती, झालं. पण ठकूचा जीव काही थाऱ्यावर येईना. तिनं ते मडकं पुन्हा आव्यात घातलं. या खेपेला बाभळीची लाकडं लावली. मडकं तपकिरी निघालं. राणबा म्हणाला, "आता पुरे कर. जास्त भाजलं तर काय होतं, तुला म्या सांगावं का?"

"मला काही सांगू नका," ठकू म्हणाली. "माझी पोर मला जगवायची आहे."

आणि तिनं ते तिसऱ्यांदा आव्यात घातलं. सरपण तर संपलेलं. मग तिनं काय केलं, आधीच्या बाळांचा पाळणा होता ना, तो मोडला आणि त्याचं लाकूड आगीत सारलं. रडत रडत सारलं, बरं का. आव्यातून असा जाळ निघाला की गाढवसुद्धा दोर तोडून पळालं.

मडकं बाहेर आलं ते काळं कुळकुळीत. बोटानं टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखं वाजलं. ठकूनं डोळे मिटले आणि ते जोरात दगडावर टाकलं. मडक्याला काही झालं नाही. दगडाचा मात्र टवका उडाला.

मग काय, ठकूनं गावभर गूळ वाटला.

दगडी वाढू लागली. आणि खरंच तिला काही होईना. एकदा ती लिंबाच्या झाडावरून पडली. उठली, परकर झटकला, घरी आली. एकदा विंचू चावला. विंचूच मेला. एकदा गावात पटकीची साथ आली, घरोघरी माणसं आडवी झाली, आणि ही पोर दारात गोट्या खेळत बसलेली. ठकू देवापुढे दिवा लावायची आणि म्हणायची, माझं मडकं पक्कं आहे.

पण हळूहळू गंमत अशी झाली, की दगडी रडायची नाही. आधी सगळ्यांना बरं वाटलं. शहाणी पोर, म्हणाले. मग कळलं, की ती हसतही नाही. तिला घाम येत नाही. पुरणपोळी खाल्ली काय नि शिळी भाकरी खाल्ली काय, तिला सारखंच. ठकूनं जवळ घेतलं तर ती गप उभी राहायची, आणि सोडलं की निघून जायची. मुली तिला खेळायला बोलवायच्या, पण फुगडी घालताना ती अशी काही फिरायची की समोरचीला कंटाळा यावा.

आणि तिच्या मडक्यातलं पाणी! ते कुणी पिईना. सकाळी भरलं की दुपारी कोमट आणि संध्याकाळी तर चटका लागावा असं. शेजारच्या सरूबाईनं एकदा घोट घेतला आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "राहू दे बाई, घरी जाऊन पिईन." दगडी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मग एका पावसाळ्यात राणबा माती आणायला गेला, भिजला, आणि अंथरुणाला खिळला. त्याच्या मडक्याला चीर गेली. ती वाढत वाढत तळापर्यंत आली. आणि एका सकाळी मडकं दोन भाग होऊन वाळूवर पडलं. राणबा गेला. चांगला माणूस होता हो. गाढवाला कधी काठी मारली नाही त्यानं.

ठकू धाय मोकलून रडली. आयाबाया जमल्या, त्याही रडल्या. आणि दगडी? ती बापाजवळ बसली. त्याच्या हाताकडे बघत राहिली. त्याच्या नखांत अजून माती होती. मग ती आईजवळ आली आणि हळूच म्हणाली, "माय, हे तू करतेस ते मला शिकव ना."

"काय गं?"

"रडायचं कसं असतं ते. मला आत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, पण ते बाहेर येत नाही."

हे कसं शिकवणार? कुणी कुणाला शिकवलंय का आजवर?

झोपलास का रे निमिष? नाही? बरं. मग ऐक.

पुढच्या वैशाखात, भर दुपारी, एक म्हातारी दारात आली. पाठीत वाकलेली, पायात वहाण नाही. म्हणाली, "पोरी, पाणी दे." आमची आई म्हणायची, ती सटवाई होती, बाळांच्या कपाळावर नशीब लिहिणारी. मला विचाराल तर ती साधी तहानलेली म्हातारीच असावी. म्हाताऱ्या बायकांना पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात, त्यासाठी देवी असावं लागत नाही.

घरात त्या वेळी दगडीच होती. तिनं काय केलं, ठकूच्या मडक्यातलं गार पाणी होतं, ते सोडून आपल्या काळ्या मडक्यातलं दिलं. तिला वाटलं, निदान ही तरी पिईल. म्हातारीनं घोट घेतला आणि थू करून टाकला.

"अगं, हे पाणी आहे की चहाचं आधण?"

दगडीनं विचारलं, "आजी, माझंच पाणी असं का?"

म्हातारी वाकत वाकत कोपऱ्यात गेली. काळ्या मडक्यावरून हात फिरवला. कोरडं ठणठणीत. मग तो हात ठकूच्या मडक्यावर ठेवला आणि दगडीला दाखवला. तळवा ओला झाला होता.

"बघ. मडक्याला घाम येतो, थेंब थेंब पाणी बाहेर झिरपतं, म्हणून आतलं गार होतं. जे झिरपतं ते झिजतंही. झिजत झिजत एक दिवस फुटतं. तुझं काही झिरपतच नाही पोरी. तुझ्या आईनं तुला फार भाजलंय."

ठकू तेवढ्यात मातीची पाटी घेऊन दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं. तिला हे माहीत नव्हतं का? पोरांनो, ती कुंभारीण होती. जास्त भाजलेल्या माठात पाणी गार होत नाही, हे तिनं गावात सगळ्या सुनांना शिकवलं होतं. फक्त स्वतःच्या पोरीचं मडकं भाजताना ती ते विसरली. विसरली म्हणजे काय, तिला आठवायचंच नव्हतं.

तिनं पाटी खाली ठेवली आणि म्हातारीचे पाय धरले. "यावर काही उपाय?"

"आहे," म्हातारी म्हणाली. "नवं मडकं घडव, सगळ्यांसारखं. आणि यातलं पाणी त्यात ओता. एका धारेनं. मध्ये धार तुटली तर पोर गेली. आणि पाणी गेलं त्यात, की ही पोरही सगळ्यांसारखीच. किती दिवस टिकेल, ते मी सांगणार नाही."

असं म्हणून ती ठकूच्या मडक्यातलं पाणी पोटभर प्यायली आणि निघून गेली.

ठकूचं धैर्य होईना. आज करू, उद्या करू. माती आणायला गेली आणि रिकामी पाटी घेऊन परत आली. चाकावर बसली आणि उठली. तुम्हीच सांगा, कुठली आई आपल्या हातानं पोरीचं मडकं कच्चं करील? शेवटी दगडीच तिच्यापुढे येऊन बसली.

"माय, मला बाबासाठी रडायचं आहे," ती म्हणाली. "आणि माझं पाणी कुणीतरी प्यावं असं मला वाटतं. मग फुटलं तर फुटलं."

मग ठकू उठली. नदीकाठची माती आणली. त्यात राख घातली, लीद घातली, पायानं तुडवली. मग उतरंडीमागचं ते फडकं काढलं. आधीच्या दोन बाळांच्या खापऱ्या होत्या ना त्यात, त्या पाट्यावर वाटल्या. बारीक चुरा केला आणि त्याच मातीत मिसळला. जुन्या खापरीचा चुरा असला की नवं मडकं सुकताना तडकत नाही, असं कुंभार म्हणतात. ठकूला मात्र एवढंच वाटत होतं, की धाकटीला मोठ्या भावंडांची सोबत होईल.

चाक फिरलं. मडकं उभं राहिलं. थापीनं हळूहळू थापटून तिनं ते गोल केलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती चाकावर बसून गुणगुणली. मग मडकं सुकलं, आव्यात गेलं, आणि या खेपेला तिनं आग वेळेवर विझू दिली. आवा उघडला तेव्हा मडकं साधं, लाल, थोडंसं एका बाजूला कललेलं निघालं. आपलं माणसासारखं.

दोन्ही मडकी अंगणात आणली. ठकूनं काळं मडकं उचललं, पण तिचे हात असे थरथरायला लागले की विचारू नका. दगडी म्हणाली, "ठेव माय. माझं पाणी आहे, मी ओतते." तिला कसली भीती? तिचे हात दगडासारखे स्थिर.

तिनं मडकं कलतं केलं. धार लागली. काळ्यातून लालमध्ये, एकसारखी. पाव पाणी गेलं. निम्मं गेलं. आणि मग काय झालं माहितीये? जसजसं पाणी नव्या मडक्यात जायला लागलं, तसतसे दगडीचे हात थरथरायला लागले. तिच्या छातीत धडधडायला लागलं. तिनं ओरडून विचारलं, "माय, हे काय होतंय मला?"

"तुला भीती वाटतेय गं राणी!" ठकू म्हणाली. आणि तिनं मागून येऊन आपले दोन्ही हात पोरीच्या हातांखाली धरले. दोघींचेही हात थरथरत होते, पण धार तुटली नाही. शेवटचा थेंब लाल मडक्यात पडला.

दोघी खाली बसल्या. मडक्याकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्याच्या पोटावर एक बारीकसा थेंब दिसला. मग आणखी एक. मग सगळं मडकं ओलं झालं.

आणि दगडीनं जो हंबरडा फोडला! बाबासाठी रडली. लिंबावरून पडली होती, त्याचं रडली. सरूबाई पाणी प्यायली नव्हती, त्याचंही रडली. इतक्या वर्षांचं सगळं साचलेलं. आणि ती रडत असतानाच गाढवानं मागून येऊन तिच्या परकराचा घास घेतला, तर ती खळखळून हसली. ते ऐकून सरूबाई धावत आली. दगडीनं तिला तांब्याभर पाणी दिलं. सरूबाईनं तो तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला, आणि आणखी मागितलं.

गोड झालं सगळं? थांबा, आहे अजून. माझी आई गोष्ट इथेच संपवायची नाही, म्हणून मीही नाही संपवत.

ते काळं मडकं अंगणातच पडून राहिलं. एक कोंबडी त्यात अंडी घालायला लागली. आणि पुढच्याच हिवाळ्यात दगडीला ताप आला. जन्मात पहिल्यांदा. अंग असं तापलं की भाकरी भाजावी. ठकू मडक्याजवळ गेली तर तिला दिसली, केसाएवढी बारीक चीर. आणि तिला आठवलं, काळं मडकं अजून आहे. न फुटणारं. पाणी परत त्यात ओतलं की झालं! पोर वाचेल. हसणार नाही, रडणार नाही, पण वाचेल.

ती पळत अंगणात गेली. कोंबडीला हुसकावलं, मडकं धुतलं आणि घरात आणलं. पोरीचं मडकं उचलण्याआधी तिनं एकदा पोरीच्या कपाळावर हात ठेवला. ताप बघायला.

दगडीनं डोळे उघडले. म्हणाली, "माय, तुझा हात किती गार आहे."

आणि तिनं आपल्या दोन्ही हातांनी तो हात कपाळावर घट्ट दाबून धरला. "काढू नको. मला बरं वाटतंय."

आजवर त्या पोरीला आईचा हात कधी लागलाच नव्हता. एवढा कुरवाळला होता, तरी लागला नव्हता. ठकू खाली बसली. पाणी ओतायला दोन्ही हात लागतात, आणि तिचा एक हात पोरीनं धरला होता. तो तिला सोडवून घेता आला असता. पण तिनं घेतला नाही. ती तशीच बसून राहिली, भीतीनं अर्धी होऊन, हात कपाळावर ठेवून. दुपार टळली. दिवेलागण झाली. तिला दिवा लावायलाही उठवेना.

आणि मग तिच्या तळव्याला ओल लागली. पोरीला घाम आला होता. ताप उतरला.

मडक्यावरची चीर काही गेली नाही, हं. ती तशीच राहिली. आणि ती चीर घेऊनच दगडी मोठी झाली, डोक्यावर आपलं मडकं घेऊन सासरी गेली, दर आखाजीला माहेरी यायची, झोक्यावर गाणी म्हणायची. पुढे ठकू म्हातारी झाली आणि एका सकाळी तिचं मडकं झिजून झिजून गेलं. दगडी पोटभर रडली. मग दगडीही म्हातारी झाली, तिला खूप नातवंडं झाली, आणि ती सगळी तिचं पाणी प्यायली. सुखात होती सगळी.

काय गं ऋता? दगडी मेली का? हो बाळा, मेली. पुष्कळ वर्षांनी. माझी आईसुद्धा मेली, जिनं मला ही गोष्ट सांगितली. तिचा हात असाच माझ्या कपाळावर असायचा, आणि मला ती अजून रोज हवीशी वाटते. आता माझा हात आहे ना तुमच्या कपाळावर? लागतोय ना? मग झालं तर. मिटा डोळे.